कूलंट गळतंय: सीलर, झाळकाम की नवा रेडिएटर?

गाडी बारा-पंधरा वर्षांची झाली की रिझर्व्ह टाकीतली कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी हळूहळू उतरायला लागते. मग गॅरेजमध्ये कुणी म्हणतं सीलर (कूलंटमध्ये ओतायचं गळती बुजवणारं औषध) टाका, कुणी म्हणतं झाळून घ्या, तर कुणी थेट नवा रेडिएटर सुचवतं. यातलं काय निवडायचं हे गळती कुठे आहे यावर ठरतं. म्हणून पहिला खर्च प्रेशर टेस्टचा करा. इंजिन पूर्ण गार असताना झाकणाच्या जागी हातपंप लावून झाकणावर छापलेल्या दाबाइतकी हवा भरतात (छोट्या गाड्यांत बहुधा ०.९ किंवा १.१ बार) आणि काटा उतरतोय का ते बघतात. एवढी तसदी न घेता जो मिस्त्री थेट रेडिएटर उतरवायला निघतो, त्याच्याकडून चावी परत घ्यावी.

काटा पडला की टॉर्च हातात घेऊन गळती शोधा. होजच्या क्लॅम्पपाशी पांढरट-हिरवट पापुद्रा दिसला तर सुटलात: होज आणि क्लॅम्प बदला, विषय संपला. वॉटर पंपाखालच्या बारीक भोकातून ओघळ आला असेल तर आतलं सील गेलंय. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्टही त्याच वेळी बदला; खोलायची मजुरी दोनदा कशाला? पायाखालचं कार्पेट ओलं आणि आत गोडसर वास म्हणजे हीटरची जाळी.

आता सीलर. रेडिएटरच्या केसाएवढ्या चिरेवर तो चालतो. फाटलेल्या होजवर किंवा पंपावर नाही. शिवाय त्याचा गाळ हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर अडकलात आणि घर गाठायचंय, तर टाका. नंतर सिस्टीम धुऊन खरं काम करून घ्या.

झाळकाम की नवा, हे रेडिएटर कशाचा आहे त्यावर. जुना तांब्या-पितळेचा असेल तर बिनधास्त झाळून घ्या. चांगला रेडिएटरवाला टाकी उघडून नळ्याही साफ करतो आणि तो पुढे वर्षानुवर्षं चालतो. ॲल्युमिनियमची जाळी आणि वर प्लास्टिकची टाकी असेल तर चीर बहुतेक जोडावर जाते. तिथे एपॉक्सी लावली तर तापून-निवून पुन्हा सुटते. इथे नवाच घ्या. पुण्यात नाना पेठेत जुन्या मॉडेलांचे पार्ट मिळतात, पण जुना रेडिएटर सोबत न्या आणि जाळीची जाडी शेजारी ठेवून बघा. पातळ जाळीचा स्वस्त माल घाटात उघडा पडतो. झाकणही नवं घ्या. दाब धरणारा तो सगळ्यात स्वस्त पार्ट, आणि नेमका तोच लोक विसरतात.

थेंब कुठेच दिसत नाही, तरी पातळी उतरते, ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय जमते, गाडी गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो: हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, गेलंय. इथे झाळकामाचा प्रश्नच नाही, हेड उतरवावं लागतं. नुसती गॅस्केट बदलून स्वस्तात उरकतो म्हणणाऱ्याला विचारा, सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्त्या) लावून हेड तपासणार का? छोट्या इंजिनांत वाकाची मर्यादा साधारण ०.०५ मिमी असते. त्याहून जास्त असेल तर फेसिंग, म्हणजे मशीनवर हेड सपाट करून घेणं, हवंच. नोंदणीची पंधरा वर्षं संपत आली असतील तर आधी पासिंगचं ठरवा, कारण नूतनीकरण पाच वर्षांसाठी मिळतं. ते करणार असाल तर हेडचं काम पूर्ण करा, नाहीतर गाडी आहे तशी विका, घेणाऱ्याला सांगून.

शेवटी काय भरायचं? ‘पुण्यात कुठे बर्फ पडतो’ म्हणत टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी ओतणारे बरेच. त्या जड पाण्याचा क्षार नळ्यांत बसतो, ॲल्युमिनियम खातो. कूलंट फक्त गोठणं टाळायला नसतो; तो गंज रोखतो आणि उत्कलनबिंदूही वाढवतो. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं मिसळा. सांडलेलं मात्र लगेच धुवा. ते गोड लागतं, विषारी असतं आणि सोसायटीतली कुत्री चाटतात. भरून झाल्यावर हवा काढून घ्या आणि पुढचे काही दिवस सकाळी, इंजिन गार असताना, पातळी बघत राहा.