संशोधनात भाग घ्यायचा, पण कुठे? दवाखान्यात की मोठ्या रुग्णालयात?

नुसती माहिती द्यायची असेल, तर गल्लीतला दवाखानाच बरा. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने १ फेब्रुवारी २०११ रोजी देशभरातल्या डॉक्टरांकडून एकाच दिवसात दोन लाखांहून अधिक रुग्णांच्या तक्रारी नोंदवून घेतल्या. निम्म्या लोकांना श्वसनाचाच त्रास निघाला. हे चित्र मोठ्या रुग्णालयात दिसत नाही; साधा खोकला घेऊन तिथे जातो कोण?

अडचण एकच, भिडेची. वीस वर्षं घरच्यांना तपासणाऱ्या डॉक्टरकाकांना ‘नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही. ‘घरी विचारून सांगते’ म्हणावं आणि संमतीपत्र घरी नेऊन वाचावं.

नव्या औषधाची चाचणी असेल, तर मात्र मी रुग्णालयच निवडेन. हडपसरहून उपाशीपोटी रक्त द्यायला जायचं म्हणजे अर्धा दिवस गेलाच. पण रात्री रिअ‍ॅक्शन आली तर तिथे कुणीतरी हजर असतं, दवाखान्याला तेव्हा कुलूप.

चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद औषधचाचण्यांच्या २०१९च्या सरकारी नियमांत आहे. मधेच बाहेर पडायची मुभा दोन्हीकडे असते, कारण न सांगताही.