मान खाली घातलेली मुलगी: भरतकामाच्या एका किटला पाचपैकी साडेतीन

वाढदिवसाला भाचीने हे किट ऑनलाइन मागवून पाठवलं. किंमत तिने सांगितली नाही, मी शोधून काढलीच: ६९९ रुपये. आत ८ इंची लाकडी रिंग, निळ्या शाईने चित्र छापलेलं मोतिया रंगाचं सुती कापड, १४ रंगांचे दोरे, तीन सुया आणि एक घडीपत्रक. चित्रात मान किंचित खाली घातलेली, डोळे मिटलेली मुलगी. केसांत आणि खांद्यावर फुलंच फुलं.

आधी चांगलं सांगते. फुलं झकास जमतात. गुलाब तर पहिल्यांदाच करणाऱ्यालाही येईल. मध्यातून चाकासारख्या पाच आऱ्या (सरळ टाके) घालायच्या आणि दोऱ्याचे सहाही पदर एकत्र घेऊन एकीवरून, पुढचीखालून असा दोरा गोल फिरवत जायचं. आऱ्या विषमच हव्यात, म्हणजे दर फेरीला वरखाली आपोआप बदलतं. चार-पाच फेऱ्यांत पाकळ्या फुगून वर येतात. पत्रकात याची चित्रं अगदी स्वच्छ दिली आहेत. रिंग मात्र गुळगुळीत आहे, कापड सारखं सैल पडतं. मी आतल्या कड्याला जुन्या ओढणीची पट्टी गुंडाळली, मग नीट बसलं.

खरी परीक्षा चेहऱ्याची. चेहरा भरायचा नसतो, कापड हाच तिचा रंग. नाक, पापण्या, ओठ आणि हनुवटी, एवढ्या चार रेघांवर सगळा भाव. आणि इथे पत्रक म्हणतं, ‘दोन पदरांनी टीप घाला.’ बस, एवढंच! मी मुकाट्याने घातली. आमचे हे चहा घेता घेता म्हणाले, ‘हिची दाढ दुखतेय का?’

उसवलं. एकच पदर घेतला, घरातली ९ नंबरची बारीक सुई काढली (किटमधल्या सुयांनी कापडाला भोकं दिसतात) आणि पापणीची कमान जेमतेम दोन मिलिमीटरच्या टाक्यांनी वळवली. ओठाच्या कोपऱ्यातला शेवटचा टाका तीनदा काढला. तो केसभर वर गेला की बाई कुत्सित हसते, खाली आला की रुसते. शेवटी कोपरा सरळच सोडला. तेव्हा कुठे ती शांत दिसली.

पत्रकात नसलेली आणखी एक गोष्ट. एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे जाताना दोरा मागून ओढून नेऊ नका. गडद तपकिरी दोऱ्याची सावली फिक्या कापडातून पुढे दिसते. प्रत्येक डोळ्यापाशी दोरा संपवायचा आणि कापायचा. आई कुणाचंही भरतकाम हातात घेतलं की आधी उलटं करून बघायची, ते काही उगाच नव्हे.

केस दांडी टाक्याने, म्हणजे एकमेकांना लागून घातलेल्या तिरक्या टाक्यांनी आहेत. दोरा दर टाक्याला सुईच्या एकाच बाजूला ठेवला तर पीळ दिसतो, नाहीतर करवतीचे दात. पण गडद तपकिरी दोरा अर्ध्या वेणीतच संपला. तुळशीबागेतून अँकर कंपनीची आठ मीटरची लडी आणली. छटा अगदी तीच मिळेना. मग जोडावर अबोलीची वेणी माळली. किटमध्ये तो रंग नव्हताच, त्याचीही लडी आणली. इतक्या विलायती फुलांत ती एकटीच आपली दिसते.

सगळ्यात मोठी तक्रार आता. छपाईची निळी शाई गार पाण्याने जाते आणि ती गेलीही. इस्त्री त्याआधी चुकूनही फिरवू नका, शाई पक्की बसते. पण त्या धुण्यात मरून दोऱ्याचा रंग सुटला आणि हनुवटीखाली गुलाबी डाग उतरला. विकणाऱ्यांना फोटो पाठवला तर उत्तर आलं, हाताने केलेल्या वस्तूत असा थोडा फरक असतोच. अहो, हात माझे होते, दोरा तुमचा होता! सुरुवातीलाच मरून आणि लाल दोऱ्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या कापडात दाबून पाहा. रंग उतरला तर दुसरा आणा.

दीड तारा गेला तो त्या मरून दोऱ्याचा आणि चेहऱ्याबद्दलच्या एका ओळीचा. नवशिक्या मुलीला द्यायचं असेल तर सोबत बारीक सुई आणि तपकिरी रंगाची एक जादा लडी द्या. डागावर मी खांद्यावरून चढणारी एक पानांची फांदी घेतली आहे. भाचीला वाटतं, ती मूळ चित्रातच होती.