ऑटोकॅडचा ट्रिम: कमानीला सोयीचा, ग्रिडलाइनला तापदायक

फोंड्यातल्या आमच्या ऑफिसात नव्या बंगल्यांपेक्षा जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं जास्त येतात. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढे बाल्कांव म्हणजे बसायचा सोपा, आणि खिडकी म्हटली की कमान आलीच. मालकाला सगळं गणेश चवथीच्या आधी हवं असतं, त्यामुळे मोजमापं घेऊन आल्यावर ड्रॉइंग भराभर उतरवावं लागतं. दिवसभर माझी बोटं जी दोन अक्षरं सगळ्यात जास्त दाबतात ती म्हणजे टी आणि आर. टीआर म्हणजे ट्रिम, रेघेचा नको तो तुकडा कापणारी कमांड. तेव्हा हा रिव्ह्यू ऑटोकॅड या आख्ख्या ड्रॉइंग-सॉफ्टवेअरचा नाही, नुसत्या ट्रिमचा.

२०२१ च्या आवृत्तीपासून ट्रिमची रीत बदलली. त्याआधी कमांड दिल्यावर कापणारी रेघ निवडायची, एंटर मारायचा, मग नको असलेला तुकडा दाखवायचा. मुरलेली माणसं काहीच न निवडता नुसता एंटर मारायची, म्हणजे समोरची प्रत्येक रेघ कापणारी ठरायची. नव्या रीतीत, म्हणजे क्विक मोडमध्ये, आता हे गृहीतच धरलंय. टीआर, एंटर, आणि थेट तुकड्यावर क्लिक. पण ज्यांच्या हाताला जुनी सवय आहे त्यांचा दुसरा एंटर कमांडच बंद करतो, आणि मग क्लिक केलं की रेघ कापली न जाता नुसती निवडली जाते. आमच्या सरांची यावर रोज चिडचिड चालते.

क्विक मोडची खरी मजा कमानीत कळते. ९०० मिलिमीटरची खिडकी घ्या. कमान जिथून सुरू होते तिथे आडवी रेघ, तिच्या मध्यावर ४५० त्रिज्येचं वर्तुळ, बाहेर १५० च्या ऑफसेटनं, म्हणजे तेवढं अंतर राखून, दुसरं. आडवी रेघ दोन्ही बाजूंनी बाहेरच्या वर्तुळापलीकडे काढायची आणि दोन्ही वर्तुळांच्या खालच्या अर्ध्यावर क्लिक करायचं. दोन क्लिकमध्ये कमान उभी. वर्तुळ कापलं की ऑटोकॅड त्याचं आर्क, म्हणजे कंस, करतो, आणि प्रॉपर्टीजमध्ये त्याची लांबी आयती दिसते: आतली १४१४ मिलिमीटर, बाहेरची १८८५. हा आकडा मला नाही, मेस्ताला, म्हणजे सुताराला लागतो. चौकटीची वळणाची पट्टी करायला घेताना त्याचा फोन ठरलेला: "बाय, वाकडी पट्टी किती लांब?"

त्याहून जास्त वेळ वाचतो तो दर्शनी भिंतीत. चिऱ्यांच्या थरांच्या आडव्या रेघा मी या टोकापासून त्या टोकापर्यंत, खिडक्यांवरूनच ओढून टाकते. मग टीआर देऊन खिडकीच्या आत माऊसचं बटण दाबून धरते आणि वरून खाली ओढत नेते. माऊस ज्या ज्या रेघेवरून गेला तिचा खिडकीतला तुकडा गेला; खाली सरळ चौकटीपर्यंत, वर कमानीच्या वळणाला धरून. प्रत्येक थर वर्तुळाला नेमका कुठे भेटतो हे हातानं काढायचं म्हटलं तर दुपार जाईल. एखादी रेघ उलट आखूड पडली असेल तर शिफ्ट दाबून क्लिक करायचं, ती पुढे जाऊन भिडते. कमांड बदलावी लागत नाही.

छपराच्या कडेची लाकडी झालर काढतानाही हेच. वर्तुळांची ओळ ॲरेनं (एकच आकार ओळीनं मांडणाऱ्या कमांडनं) मांडायची, मधून रेघ मारायची, वरचे अर्धे उडवायचे. फक्त ॲरे आधी एक्सप्लोड करा, म्हणजे सुटा करा. ब्लॉकचंही, म्हणजे एकत्र बांधलेल्या रेघांच्या गठ्ठ्याचंही, तसंच: त्याच्या कडेला दुसरी रेघ कापता येते, पण त्याच्या पोटातली रेघ ट्रिम होत नाही. नव्या पोरांचा अर्धा दिवस इथेच जातो.

आता तक्रार. सगळ्याच रेघा कापणाऱ्या ठरवल्या की नको त्याही ठरतात. भिंतीच्या रेघेवरून ग्रिडलाइन, म्हणजे मांडणीसाठी आखलेली संदर्भरेघ, गेली असेल तर तुकडा तिच्यापर्यंतच कापला जातो आणि पलीकडच्या उरलेल्यासाठी पुन्हा क्लिक करावं लागतं. दुसरं याहून वाईट. जी रेघ कशालाच छेदत नाही तिच्यावर माऊस गेला तर क्विक मोड ती सरळ पुसून टाकतो. उरलेसुरले तुकडे साफ करायला हे छान आहे, पण खिडकीत एकटी उभी असलेली सेंटरलाइनही त्यात जाते, आणि गेलेली कळत नाही. म्हणून ग्रिड, डायमेन्शन आणि सेंटरलाइनचे लेयर (रेघांचे वेगळे ठेवलेले गट) फ्रीझ करून लपवल्याशिवाय मी भिंतीच्या ड्रॉइंगवर माऊस ओढत नाही. लेयर धड न पाळणाऱ्या ऑफिसनं क्विक मोडच्या वाटेला जाऊ नये.

साइट प्लॅनमध्ये मात्र ट्रिमचं एवढं कौतुक नको. हद्दीपासून आत ऑफसेट केलेल्या सेटबॅकच्या (मोकळ्या सोडायच्या जागेच्या) रेघांचे कोपरे जुळवायला फिलेट ही कोपरा जोडणारी कमांड बरी: एका रेघेवर क्लिक करून दुसरीवर शिफ्ट दाबून क्लिक केलं की त्रिज्या शून्य धरली जाते, जादाची शेपटं कापली जातात आणि आखूड रेघ लांब होते. रस्ता वळणाचा असेल तर मी हद्दच पॉलीलाइननं, म्हणजे एका सलग जोडलेल्या रेघेनं, काढते. ऑफसेटमध्ये कोपरे आपोआप जुळून येतात.

वर्षाची वर्गणी फक्त ट्रिमसाठी भरावी का? नाही. एकट्यानं काम करणाऱ्याला फुकटचं लिब्रेकॅड पुरेल. तिथे आधी हद्दीची रेघ दाखवायची आणि मग जो भाग ठेवायचा त्यावर क्लिक करायचं, म्हणजे ऑटोकॅडच्या बरोबर उलट. एकाच दिवसात दोन्ही वापरलीत तर डोकं फिरेल. शिवाय ते सेव्ह करतं डीएक्सएफ प्रकारच्या फाइलमध्ये. समोरचा आर्किटेक्ट ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाइलच मागत असेल तर अडचण आहे. आमचं काम डीडब्ल्यूजीवर चालतं, त्यामुळे आम्ही ऑटोकॅडवरच आहोत.

क्विक मोड नको असेल तर कमांड लाइनवर ट्रिमएक्स्टेंडमोड टाइप करून शून्य द्या, जुनी रीत परत येते. एक दिलं की क्विक. माझ्या कॉम्प्युटरवर एक आहे, सरांच्यावर शून्य, आणि त्यांच्या खुर्चीत बसून काम करायची वेळ आली की मी आधी ते बघून घेते.