या भागात नऊ महिने राहून: सगळं ठीक, तो सिग्नल सोडून

गेल्या आठवड्यात आमच्या कोपऱ्यावरचा सिग्नल बंद पडला. चार दिवस नुसता पिवळा दिवा लुकलुकत होता. त्या चार दिवसांत, नऊ महिन्यांत पहिल्यांदाच, आम्ही तो रस्ता न धावता ओलांडला. कोणाची पाळी हे कळत नसल्यामुळे गाड्या चाचरत पुढे येत होत्या, बाबागाडी दिसली की थांबत होत्या. एकाने तर हाताने "जा जा" केलं. पाचव्या दिवशी सिग्नल दुरुस्त झाला आणि आमची पळापळ पुन्हा सुरू झाली. भाडेकरार संपायला दोन महिने उरलेत, घरमालकांचा "पुढचं काय ठरवलंत?" असा फोन येऊन गेलाय, आणि माझं डोकं त्या दिव्याभोवतीच फिरतंय. म्हणून हे लिहायला बसले.

थोडक्यात परिस्थिती अशी. आलो तेव्हा लेक पावणेतीन वर्षांची आणि धाकटा दोन महिन्यांचा. चौथा मजला, मोठ्या रस्त्यापासून आतली दुसरी इमारत, भाडं आधीच्या घराच्या सात-अष्टमांश. त्या वाचलेल्या एक-अष्टमांशावर मी भाळले, हे कबूल करते. नकाशावर सगळं चालत दहा मिनिटांच्या आत दिसत होतं: पाळणाघर, बाग, डॉक्टर, मेट्रो. 'पंधरा मिनिटांचं शहर', म्हणजे रोजच्या गरजेचं सगळं घरापासून पंधरा मिनिटांत, ही कल्पना शहररचनेचे अभ्यासक कार्लोस मोरेनो यांनी २०१६ च्या सुमारास मांडली आणि २०२० नंतर पॅरिसमुळे ती सगळीकडे गाजली. तेव्हापासून घर दाखवणारा प्रत्येक एजंट तेच ऐकवतो. आमच्यानेही ऐकवलं. ती मिनिटं कोणाच्या पायांनी मोजायची, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नकाशा चालतो मोठ्या माणसाच्या चालीने, तासाला साधारण पाच किलोमीटर. माझी लेक प्रत्येक झाकणावर उडी मारत चालते. नकाशातली नऊ मिनिटं आमची पंचवीस होतात. तेही चालेल, मुलांबरोबर वेळ जायचाच. पण या पंचवीस मिनिटांच्या बरोबर मध्ये तो रस्ता आहे आणि पाळणाघर, बाग, डॉक्टर हे तिन्ही त्याच्या पलीकडे.

सहा लेनचा रस्ता, लेन साडेतीन मीटरची, म्हणजे एकवीस मीटर. मध्ये दुभाजक नाही, दम खायला जागा नाही. हिरवा माणूस सहा सेकंद स्थिर राहतो, मग अठरा सेकंद लुकलुकतो, मग लाल. पूर्ण फेरी दोन मिनिटांची. लुकलुकायला लागल्यावर पाऊल टाकायचं नाही असा नियम, म्हणजे दोन मिनिटांतले सहाच सेकंद आपले. त्या सहा सेकंदांत बाबागाडीचा ब्रेक काढायचा, लेकीचा हात धरायचा, तिला खाली सापडलेला दगड टाकून द्यायला लावायचा. दगडाला दोन सेकंद कमीच पडतात.

मी स्टॉपवॉच लावलं. (नवरा हसला. हसू दे.) लेकीला हात धरून पलीकडे जायला तीस सेकंद. सिग्नलचे सगळे मिळून चोवीस. उरलेले सहा सेकंद आम्ही लाल दिव्यात, अर्ध्या लेनमध्ये, बाजूला इंजिनं गुरगुरत असताना. "कडेवर घे ना" असं मला निदान दहा जणांनी सांगितलं. घेते. तेरा किलोचं मूल एका कडेवर, दुसऱ्या हाताने बाबागाडी, आणि कडेवरच्या बाईंना स्वतःच चालायचं असल्यामुळे त्यांनी अंग टाकलेलं. एकदा करून बघा.

दुसऱ्या महिन्यात वाहतुकीच्या कार्यालयाकडे तक्रार केली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरला जातो, रस्त्याची रुंदी २१ मीटर, भागाकार १७.५, म्हणून अठरा सेकंद दिलेले आहेत. उत्तर चुकीचं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. १.२ हा आकडा त्यांनी मनाने काढलेला नाही, बऱ्याच देशांत वर्षानुवर्षं तोच वापरात आहे. अमेरिकेत २००९ साली तो सेकंदाला चार फुटांवरून साडेतीन फुटांवर, म्हणजे १.०७ मीटरच्या आसपास आणला. तो हिशेब लावला तरी आम्हाला जेमतेम दोन सेकंद जास्त मिळाले असते. ब्रिटनमध्ये 'पफिन' प्रकारच्या क्रॉसिंगवर सेन्सर असतात, माणूस अजून रस्त्यात आहे हे बघून ते गाड्यांचा लाल दिवा लांबवतात. सिंगापूरमध्ये २००९ पासून ज्येष्ठ नागरिक खांबाला कार्ड टेकवतात आणि रस्त्याच्या रुंदीप्रमाणे तीन ते तेरा सेकंद जास्त मिळवतात. हे सगळं दुसऱ्या तक्रारीत लिहिलं. त्यावर पोच आली, उत्तर नाही.

मग बटण. खांबावर बटण आहे, दाबलं की छोटा दिवा लागतो. लेकीचं आवडतं काम. न्यूयॉर्कमधली अशी बहुतेक बटणं नुसती शोभेची असल्याची बातमी २००४ मध्येच आली होती, म्हणून मी आमचंही तपासलं: वीस वेळा दाबून, वीस वेळा न दाबता. काहीही फरक नाही. इथपर्यंत माझं मत पक्कं होतं की हा भाग लहान मुलांच्या घरांसाठी नाही, स्वस्त आहे तो याचमुळे, आणि करार संपला की पळायचं.

पाचव्या महिन्यात ते मत थोडं हललं. धाकट्याला ताप होता, रात्री साडेअकराला औषध आणायला निघाले. सवयीने बटण दाबलं आणि चार-पाच सेकंदांत हिरवा माणूस उभा! दिवसा सिग्नल ठरलेल्या फेरीने चालतो, रात्री गर्दी ओसरली की बटणाचं ऐकतो. बऱ्याच शहरांत अशीच सोय असते, हे मागाहून कळलं. रिकाम्या रस्त्यावर मी एकटीच राणीसारखी चालत गेले. आमच्या लेकीने रात्री साडेअकराला बागेत जायचं ठरवलं तर तिची गैरसोय होणार नाही.

मतात खरा बदल मात्र दुसऱ्याच कारणाने झाला. पलीकडे जाणं जिवावर यायला लागलं तसे आम्ही रस्त्याच्या अलीकडच्या बाजूलाच राहायला लागलो. आमची गल्ली शेवटी बंद आहे, त्यामुळे तिच्यात फक्त तिथे राहणाऱ्यांच्याच गाड्या येतात. संध्याकाळी सहानंतर तिथे सात-आठ मुलं असतात. सिग्नलला कंटाळलेलीच, दुसरं काय. तिसऱ्या इमारतीतल्या आजी खिडकीतून सगळ्यांवर नजर ठेवतात आणि नावानिशी ओरडतात. आमच्या आधीच्या भागात बाग दाराशी होती, पण दोन वर्षांत एका घराशीही ओळख झाली नव्हती. इथे चार महिन्यांत एक घर असं झालं की जिथे धाकट्याला अर्धा तास ठेवून मी आंघोळ करू शकते. शहररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला होता, १९७२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे दोन हजार गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर माणशी सरासरी तीन मित्र त्याच रस्त्यावरचे निघाले, सोळा हजार गाड्यांच्या रस्त्यावर एकही धड नाही, ०.९. आमच्याकडे हे दोन्ही रस्ते ऐंशी पावलांच्या अंतरावर आहेत. एक आम्हाला कोंडतो, दुसरा सांभाळतो.

बाकीचं पटापट. आवाज: आतली इमारत घेतली हे उत्तम झालं, पण ते अंतरामुळे नाही. सरळ वाहत्या रस्त्यापासून अंतर दुप्पट केलं तरी मोकळ्यावर आवाज तीनच डेसिबलने उतरतो. आम्हाला वाचवते ती पुढची इमारत, भिंतीसारखी आडवी उभी असल्यामुळे. एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसाची धरून अकरा ते चौदा तास झोप लागते, तेव्हा घर बघायला जायचं तर दुपारी दोनलाही जाऊन खिडकीपाशी दहा मिनिटं गप्प बसा. आम्ही फक्त रविवारी सकाळी गेलो होतो, तेव्हा स्मशानसुद्धा गजबजलेलं वाटलं असतं. लिफ्ट: बाबागाडी मावते, पण माणूस बाजूला उभा राहिला तर नाही. हे मी आधी मोजलं नव्हतं. पाण्याचा जोर चांगला. घरमालक बरे, डिपॉझिटवरून कटकट नाही. मेट्रो रस्त्याच्या अलीकडच्या बाजूलाच आहे, त्यामुळे नवऱ्याला या सिग्नलचा काहीच त्रास नाही आणि म्हणूनच त्याला तो "तेवढा वाईट" वाटत नाही.

आता प्रश्न पलीकडे जाण्याचा. पलीकडे तसंच घर मिळतंय, पाळणाघराच्या मागे, भाडं आताच्यापेक्षा एक-दशांश जास्त. म्हणजे वर्षाला जवळजवळ सव्वा महिन्याचं भाडं, फक्त तो रस्ता रोज ओलांडू नये म्हणून. मी एका दिवसाचे ओलांडण्याचे पैसे काढून बघितले, आकडा बघून गप्प बसले. नवरा म्हणतो जाऊया. आता गंमत अशी की मीच अडून बसलेय. तिकडची गल्ली दोन्ही टोकांना उघडी आहे, सिग्नल चुकवणाऱ्या गाड्या तिच्यातूनच सुसाट जातात. मी एक संध्याकाळ तिथे उभी राहिले, अर्ध्या तासात एकही मूल खेळताना दिसलं नाही.

कोणी मुलांसह भाड्याचं घर शोधत असेल तर माझं एकच सांगणं: मूल घरी ठेवून घर बघायला जाऊ नका, ही आमची चूक होती. त्याला चालवत न्या, पाळणाघरापर्यंत आणि परत, संध्याकाळी ते दमलेलं असताना. भाग आवडला की नाही हे परत येताना कळतं. आणि मोठ्या रस्त्याच्या कोणत्या बाजूला काय आहे, हे खोल्यांच्या आधी विचारा.

काल पुन्हा वेळ लावली, चार फेऱ्या. लेक आता साडेतीन वर्षांची आहे. तेवीस सेकंद, तेवीस, पंचवीस (मांजर दिसलं), बावीस. म्हणजे मांजर नसेल तर आम्ही दिव्यात बसतो. घरमालकांना फोन करून आणखी एक वर्षाचं सांगायला हात फोनकडे गेलाच होता, तेवढ्यात धाकटा सोफा धरून उभा राहिला आणि एक पाऊल टाकलं.