निळा डोंगल आणि पोलोचा पाना

निकाल आधीच सांगते. डॅशबोर्डवर लागणारा सर्व्हिसचा पाना, म्हणजे पान्याच्या आकाराची खूण, घालवायला हा ओबीडी डोंगल (गाडीत खोचला की इंजिनचे दोष फोनवर दाखवणारं छोटं यंत्र) घेणार असाल तर पैसे वाचवा. इंजिनचा पिवळा दिवा लागल्यावर गॅरेजवाला म्हणेल त्याला नुसती मान डोलवायची नसेल, तर मात्र डोळे झाकून घ्या.

गाडी २०१२ ची फोक्सवॅगन पोलो, पेट्रोल, चाकणला बनलेली. सेकंडहँड घेतलेली. नाशिकमध्ये माझं मेडिकल आहे. गाडीचं काम म्हणजे घर ते दुकान, महिन्याकाठी एखादं त्र्यंबक, नवरात्रात वणी. किलोमीटर पडतच नाहीत. तरी एक दिवस चावी फिरवली की ‘टिंग’ आणि मीटरमध्ये पाना. काही सेकंद दिसायचा, मग गायब. दुसऱ्या दिवशी परत.

या गाड्यांचं गणित १५,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते. माझं नेहमी वर्षच आधी भरतं. पान्याला ऑइलची काही माहिती नसते, तो फक्त किलोमीटर आणि दिवस मोजतो. ऑइल काळं झालंय की कालच भरलंय, त्याला पत्ता नाही. तरी ‘फिरलीच किती’ म्हणून टाळू नये. छोट्या फेऱ्यांमध्ये इंजिन नीट तापत नाही, ऑइलमध्ये ओल आणि पेट्रोलचा अंश राहतो. कमी फिरणारी गाडी उलट वर्षाच्या वर्षी ऑइल मागते.

तर मुंबई नाक्याकडच्या आमच्या मेकॅनिकदादांकडून ऑइल बदललं, फिल्टर बदलला. डब्यावर व्हीडब्ल्यू ५०२, म्हणजे फोक्सवॅगनने ठरवलेला ऑइलचा दर्जा, लिहिलेलं मी स्वतः वाचलं, दुकानदारीची खोड. हात पुसत दादा म्हणाले, “ताई, काम झालं, पण लाइट आपल्याकडे जात नाही. त्याला कंपनीचं मशीन लागतं.” एका मोठ्या वर्कशॉपला फोन केला तर त्यांनी ‘स्कॅनिंग चार्जेस’ सांगितले, आणि वर ‘बाहेर सर्व्हिस केली असेल तर पूर्ण चेकअप करावा लागेल’. पाना पुसायला पूर्ण चेकअप! भाचा इंजिनीअर आहे. त्याने तिथल्या तिथे ऑनलाइन हा डोंगल मागवला. ५०० रुपयांच्या आसपास.

वस्तू काडेपेटीएवढी, निळी, आरपार दिसणारी. खोक्यावर ‘ईएलएम ३२७, व्ही १.५’, म्हणजे आतल्या चिपचं नाव आणि आवृत्ती. भाच्याचं म्हणणं, मूळ कॅनडाच्या कंपनीने १.५ ही आवृत्ती कधी काढलीच नाही, म्हणजे खोक्यावरच नकलेची कबुली छापलेली. औषधात असं सापडलं तर मी माल परत पाठवते. इथे पैसे बघून गप्प बसले. स्टेअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. वाकून, मान वाकडी करून शोधावं लागतं. त्यात खोचला की लाल दिवा लागतो. फोनच्या ब्लूटूथला पिन १२३४, आणि मग कार स्कॅनर किंवा टॉर्कसारखं ॲप. आयफोनवाल्यांनी साधा ब्लूटूथवाला घेऊ नये, जोडला जाणार नाही; त्यांना वाय-फाय किंवा ब्लूटूथ एलई लिहिलेला लागतो.

ॲपने गाडी तपासली आणि सांगितलं, एकही दोष नाही. पाना तसाच. यात डोंगलचा काही गुन्हा नाही. ओबीडी हे मुळात धूर आणि इंजिनच्या बिघाडांसाठी ठरवलेलं आहे, आणि सर्व्हिसची तारीख उलटणं हा बिघाडच नव्हे. ती मोजणी मीटरमध्ये, कंपनीच्या स्वतःच्या भाषेत. ती भाषा बोलणारी साधनं आहेत, ओबीडीइलेव्हन, व्हीसीडीएस वगैरे, पण एका पान्यासाठी तेवढा खर्च कोण करणार?

आणि गरजही नाही. उपाय गाडीच्या मॅन्युअलमध्येच छापलेला. चावी बंद. मीटरवरचं ०.०/सेट बटण दाबून धरा. तसंच धरून चावी ऑन करा, इंजिन चालू करायचं नाही. बटण सोडा आणि लगेच दुसऱ्या बाजूचं घड्याळाचं बटण एकदा दाबा. गेला पाना! चहा गाळेपर्यंत काम होतं. प्रत्येक गाडीची रीत वेगळी असते, तेव्हा आपलं मॅन्युअल बघा. न्यू जर्सीत माझ्या मावसबहिणीच्या जुन्या कोरोलावर दर ५,००० मैलांना ‘मेंट रिक्वायर्ड’ लागतं. तिथेही मशीन नाही, ट्रिप मीटरचं बटण धरून चावी ऑन करायची एवढंच.

यातली ग्यानबाची मेख अशी की पाना इतक्या सहज जातो, म्हणजे ऑइल न बदलताही जातो. जुनी गाडी बघायला गेलात आणि डॅशबोर्ड स्वच्छ दिसला तर त्यावर भाळू नका. ऑइलचं बिल मागा, तारीख आणि किलोमीटर बघा. बिल नसेल तर बदललेलं नाही असं धरून भाव करा.

आता डोंगलचे पैसे कुठे वसूल झाले ते. शेजारच्या काकांच्या हॅचबॅकचा इंजिनचा दिवा पावसाळ्यात लागला. गाडी सिग्नलला थरथरायची. कोणीतरी त्यांना पेट्रोल पंप बदलायला सांगितलं होतं. डोंगल लावला, कोड आला पी०३०२. म्हणजे २ नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही. दादांनी १ आणि २ च्या कॉइल (ठिणगीला वीज देणारा भाग) आपापसात बदलल्या, कोड पुसला, गाडी फिरवून आणली. आता पी०३०१. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच गेलेली. एक कॉइल, विषय संपला. पेट्रोल पंपाचा खर्च वाचला तो वेगळाच.

पण डोंगल म्हणजे ग्लुकोमीटर आहे. आकडा दाखवेल, औषध देणार नाही. ॲपमध्ये ‘कोड पुसा’ बटण आहे म्हणून दिवा लागला की पुसत बसू नये. कारण आत असेल तर तो परत येतोच. इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर ॲपसुद्धा उघडत बसू नका, गाडी बाजूला घ्या. मिसफायरमधलं न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं, आणि तो भाग महाग.

दोन तक्रारी. ब्लूटूथ मधेच तुटतं, मग काढून परत खोचा. आणि काम झालं की तो काढून ठेवावाच लागतो, कारण त्या सॉकेटला चावी बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो. माझ्यासारखी चार-चार दिवस उभी राहणारी गाडी असेल तर हे विसरून चालणार नाही.

घेण्याआधी गाडीचं वर्ष बघा. आपल्याकडे ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० ला आला आणि दुसरा एप्रिल २०१३ ला. त्याआधीच्या काही गाड्या बोलतात, काही ढिम्म. माझी २०१२ ची बोलली. दादांच्या जुन्या व्हॅनला सॉकेट शोधूनसुद्धा सापडलं नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा त्या ‘व्ही १.५’ साठी कापलाय. काका हल्ली आठवड्याआड डोंगल मागायला येतात, गाडीला काही झालेलं नसताना. त्यांना विकत घ्यायची लिंक पाठवली आहे.