आठ बोर की बारा बोर?

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, वॉश खाडीच्या चिखलात पहाटे कलहंसांची वाट बघत बसायचं, तर हातात कोणती जुनी बंदूक हवी?

आधी हिशेब. एक पौंड शिशाच्या एकाच आकाराच्या आठ गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसते ती आठ बोर. म्हणजे आकडा लहान, नळी मोठी. आठ बोरची नळी साधारण २१ मिलिमीटरची, बाराची १८.५.

बारा बोर जेमतेम तीन किलोची. दिवसभर खांद्यावर असली तरी जड वाटत नाही, काडतुसं कुठेही मिळतात. व्यवहार बघितला तर तीच घ्यावी.

पण एखादी व्हिक्टोरियन आठ बोर हातात घेऊन बघा. वजन जवळपास दुप्पट, काडतूस अंगठ्याहून जाड, त्यात छऱ्यांचा भरणा ५०-६० ग्रॅम. नळी दमास्कसची असेल तर उजेडात धरा. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून जोडलेल्या असतात, त्यांची नागमोडी नक्षी पृष्ठभागावर उमटलेली दिसते. त्या कारागिरीपुढे मी दरवेळी थबकतो.

खर्च मात्र सोसावा लागतो. इंग्लंडमध्ये १९९९ पासून पाणपक्ष्यांवर शिशाचे छरे चालत नाहीत. पोलादी छरे जुन्या नळ्यांना घातक, म्हणून बिस्मथ धातूचे महागडे छरे वापरायचे, आणि काडतुसं बहुतेक वेळा स्वतःच भरायची. अमेरिकेत तर स्थलांतरित पक्ष्यांसाठी दहा बोरपेक्षा मोठी नळी चालतच नाही.

तरीही संग्रहासाठी माझी पसंती आठ बोरलाच.