रॉयल कॅम : हातशिलाईच्या वेळेला अल्बाट्रॉस

माझं ब्लाउज शिवायचं काम. हुक, काजं, हातशिलाई सकाळी घेऊन बसते, तेव्हा शेजारी टॅबवर न्यूझीलंडचा रॉयल कॅम चालू असतो. ड्युनेडिनजवळ तायारोआ हेड नावाच्या टोकावर रॉयल अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्यांची वसाहत आहे. तिथल्या एका घरट्यावर त्यांच्या संवर्धन खात्याने कॅमेरा लावलाय. यूट्यूबवर चोवीस तास, फुकट. मालिका लावली की टाका चुकतो, इथे तो धोका नाही, कारण तासन्तास काही घडतच नाही. ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये.

नोव्हेंबरात एकच अंडं. जवळजवळ अकरा आठवडे नर-मादी पाळीपाळीने उबवतात, तो भाग मी सोडून देते. फेब्रुवारीपासून बघा. पिल्लू फुटायच्या बेतात आलं की रेंजर खरं अंडं उबवणयंत्रात नेतात आणि पक्ष्याखाली खोटं सरकवतात. नाहीतर माश्या ओल्या पिल्लावर अंडी घालतात. पक्षी खोट्यावरही तसाच इमानदारीत बसून. सासूबाईंना हे मुळीच पटलं नाही. "फसवणूकच की गं ही!"

यंत्रात फुटलेलं पिल्लू मग घरट्यात परत ठेवतात. खरी मजा त्यानंतर पाचेक आठवड्यांनी. आता पिल्लू घरट्यात एकटं. आई किंवा बाप समुद्रावरून येतो, तीन मीटरचे पंख मिटतो आणि जमिनीवर अगदीच वेंधळा चालतो. पिल्लू त्याच्या चोचीवर टकटक करत सुटतं. मग मोठा पक्षी वाकतो, पिल्लू आपली चोच त्याच्या चोचीत आडवी घालतं आणि माकूळ-मासळीचा पातळ काला थेट आत. एक थेंब सांडत नाही म्हटलं तरी चालेल. काम झालं की मोठा निघाला. "लगेच चालला होय?" असं सासूबाई रोज विचारतात.

कडक ऊन पडलं की रेंजर वसाहतीत पाण्याचे तुषार सोडतात, पिल्लांची वजनं करतात. १९३८ साली इथून पहिलं पिल्लू उडालं तेही माणसाने राखण केली म्हणूनच.

चित्र स्वच्छ. वारा मात्र फार घोंघावतो, मी आवाज बारीक ठेवते. संध्याकाळी लावू नका, तेव्हा तिथे रात्र असते आणि काळंपांढरं दिसतं. पाचपैकी साडेचार. सप्टेंबरात पिल्लू उडून गेलं की नवं अंडं येईपर्यंत माझी आकाशवाणी आहेच.